सगळं शेवटी रक्तातच जातं, मग नळीत का नको? एका फिरत्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. मला तो आधी कासारवडवलीहून आला, मग कळव्याहून, आणि नंतर खाडीपलीकडून, ऐरोलीच्या मावसबहिणीकडून. सार असं: रुग्णालयं प्रत्येक इंजेक्शनाला वेगळी नळी, वेगळा सेट, मध्येच फ्लश (म्हणजे सलाईन ढकलून नळी धुणं), वेगवेगळ्या सलाईन असा खेळ करून बिल फुगवतात. खरं तर सगळी औषधं शेवटी रक्तातच एकत्र होतात, तेव्हा ती एकाच नळीतून एकदम द्यायला हरकत नाही. काही बिघडलंच तर नळीत गढूळ दिसेल. थ्री-वे नावाची तोटी त्यासाठीच असते. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, कुठलीही चालते. आपले जुने फॅमिली डॉक्टर एकाच बाटलीत चार औषधं घालायचे, कोणाला काय झालं? आणि शेवटी नातेवाइकांना सल्ला: सगळं एकत्र द्यायला सांगा, आणि सलाईन रेंगाळत असेल तर नळीवरची चक्री फिरवून वेग स्वतः वाढवा.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूची सिस्टर आहे. बिलाची तक्रार मी झटकून टाकणार नाही, तिच्याकडे येतेच. पण या मेसेजमधलं रसायनशास्त्र पहिल्या ओळीपासून चुकलेलं आहे आणि शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. एका काकांनी बेडशेजारी उभं राहून तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हीच सांगा." तेव्हा हातात सिरिंज होती, बोलता आलं नाही. आता सविस्तर सांगते.

सगळ्यात पटणारं वाक्य पहिलंच आहे, म्हणून जास्त वेळ त्यालाच. औषधं रक्तात मिसळतात हे खरं आहे. पण कशी मिसळतात ते बघा. शिरेत गेलेला औषधाचा थेंब वाहत्या रक्तात पडतो आणि थोड्याच वेळात हृदयापर्यंत पोचतो. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. म्हणजे बघता बघता औषध कित्येक पट पातळ होतं. शिवाय रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो आणि तो तिथे टिकवायची सोय रक्तातच आहे. रक्तातली प्रथिनं बऱ्याच औषधांना धरून ठेवतात. नळीत यातलं काहीच नाही. तिथे दोन औषधं जवळजवळ बाटलीतल्याच ताकदीची, एकमेकांना खेटून, ताटकळत असतात.

किती वेळ? हिशेब सोपा आहे. थ्री-वे आणि पुढची छोटी जोडनळी मिळून दोन मिलीची जागा धरा. सिरिंज पंप ताशी १० मिलीने चालू असेल तर ती जागा पार करायला औषधाला १२ मिनिटं लागतात. सलाईनच्या लांब नळीत १५ मिली मावत असेल आणि ड्रिप ताशी ३० मिलीची असेल, तर वरच्या रबरी तोंडातून टोचलेलं इंजेक्शन पेशंटपर्यंत पोचायला अर्धा तास जातो. एवढ्या वेळात नळीत काय काय घडू शकतं याचा मेसेज लिहिणाऱ्याने विचारच केलेला नाही.

काय घडतं, ते समजायला इंजेक्शन कसं बनवतात ते थोडं माहीत हवं. पुष्कळ औषधं साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. कंपनी द्रावण मुद्दाम खूप आम्लधर्मी किंवा खूप अल्कधर्मी ठेवते, कधी त्यात अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकोल घालते, आणि औषधाला कसंबसं विरघळलेलं ठेवते. ही परिस्थिती बदलली की औषध बाहेर पडतं. थंडीत बरणीतला मध साखरतो ना, तसंच. मध तोच असतो, फक्त भोवतालचं बदललेलं असतं.

फिट्सवरचं फेनिटॉइन घ्या. त्याच्या इंजेक्शनचा पीएच १२ च्या आसपास असतो. ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकोल, १० टक्के अल्कोहोल. झोपेसाठी वापरतात ते मिडॅझोलॅम बरोबर दुसऱ्या टोकाला, पीएच ३ च्या जवळ, कारण तेवढ्या आम्लातच ते पाण्यात राहतं. फिट्स थांबत नसलेल्या पेशंटला ही दोन्ही औषधं एकाच वेळी लागू शकतात. ती एका नळीत भेटली तर जे होतं त्याला आम्ही वॉर्डात "दही झालं" म्हणतो.

आयसीयूतलं सोडा. कॅज्युअल्टीत रोज दिसणारी जोडी बघा. पोट दुखतंय, उलट्या होतायत, म्हणून पेशंट आला की ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं "पॅन", आणि उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन पाठोपाठ दिलं जातं. पॅनची पावडर पातळ केल्यावर पीएच ९ ते १०.५. ऑन्डॅनसेट्रॉनचा ३.३ ते ४. ऑन्डॅनसेट्रॉनच्या माहितीपत्रकातच इशारा आहे की अल्कधर्मी द्रावणात मिसळू नका, साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, बसू शकतो. मध्ये पाच-दहा मिली सलाईनचा फ्लश मारला की दोन्ही औषधं सुखरूप जातात. मेसेज ज्याला बिल वाढवायची युक्ती म्हणतो तो हा फ्लश.

अशा जोड्या कितीतरी आहेत. लघवी व्हावी म्हणून देतात ते लॅसिक्स अल्कधर्मी. हृदयाच्या मिलरिनोनशी गाठ पडली की ते लगेच साका धरतं. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले तर कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे चक्क खडूची भुकटी. हृदय बंद पडलेल्या पेशंटला ही दोन्ही इंजेक्शनं काही मिनिटांच्या अंतराने लागू शकतात. त्या धावपळीतही मध्ये फ्लश का ओरडून मागतात, ते आता कळेल.

आता डोळ्यांचा मुद्दा. बिघडलं तर दिसेल, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आपल्या नजरेला साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचे कण दिसतात, तेही उजेड चांगला असेल आणि मागे काळं काही धरलं असेल तर. फुप्फुसातल्या केशवाहिन्या असतात ५ ते १० मायक्रॉनच्या. म्हणजे जो कण तिथे जाऊन अडकेल तो नळीत दिसेलच असं नाही. रात्री तीन वाजता मंद केलेल्या दिव्यात तर नाहीच नाही.

१९९४ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, याच विषयावर इशारा काढला होता. शिरेतून देतात त्या संपूर्ण पोषणाच्या मिश्रणात, म्हणजे टीपीएनमध्ये, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका तयार झाला होता आणि दोन मृत्यूंचा त्याच्याशी संबंध जोडला गेला. त्या इशाऱ्यात एक मुद्दा होता की मिश्रणात स्निग्ध पदार्थाचं दुधाळ द्रावण असेल तर आतला साका दिसतच नाही. पांढऱ्यात पांढरं कसं शोधणार? अशा मिश्रणांना फिल्टर लावायची शिफारस तेव्हापासून ठामपणे होऊ लागली. टीपीएनच्या नळीत आम्ही दुसरं कुठलंही औषध टोचू देत नाही, डॉक्टर घाईत असले तरी.

आणि साका हा बिघाडाचा एकच प्रकार. दुसरा प्रकार मला जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्यात काहीही दिसत नाही. जेन्टामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड अँटिबायोटिक्स आणि पेनिसिलिनच्या घरातली औषधं एकत्र राहिली की रासायनिक क्रिया होऊन अमिनोग्लायकोसाइड निकामी होत जातं. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. पेशंटला औषध "दिलं" अशी चार्टवर सही. जंतूंना मात्र पूर्ण डोस मिळालेलाच नाही. मग दोन दिवसांनी ताप का उतरत नाही म्हणून अँटिबायोटिक बदलतात, आणि नवीन औषध जुन्यापेक्षा महाग असतं. नॉरॲड्रेनालिन, डोपामिन ही रक्तदाब धरून ठेवणारी औषधंही अल्कधर्मी बायकार्बोनेटच्या संगतीत अशीच हळूहळू निष्प्रभ होतात. पेशंटचा बीपी पडतो, सगळे कारण पेशंटमध्ये शोधतात, आणि कारण असतं त्याच्या उशाशी लटकलेल्या नळीत.

नळीसुद्धा वाटते तितकी साधी नसते. इन्शुलिन प्लास्टिकला चिकटतं. नायट्रोग्लिसरीन नेहमीच्या पीव्हीसी नळीत मुरतं, त्याचा मोठा हिस्सा पेशंटपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी वेगळा सेट लागतो. तो बिलात दिसतो आणि शंका येते. शंका येणं साहजिक आहे, कारण कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

थ्री-वेबद्दल दोनच वाक्यं. तिची तीन तोंडं बघून तीन स्वतंत्र वाटा असाव्यात असं वाटतं, पण त्यातली दोन तोंडं आत येणारी आणि एक बाहेर जाणारं. सगळं शेवटी शिरेत बसवलेल्या एकाच कॅन्युलात जातं, म्हणजे ती औषधांना वेगळं ठेवत नाही, एकत्र आणते. खऱ्या वेगळ्या वाटा असतात मानेतल्या ट्रिपल ल्युमेन सेंट्रल लाइनमध्ये. तिथे एकाच बाह्य नळीच्या पोटात तीन बोगदे असतात, त्यांची तोंडं शिरेत थोड्या थोड्या अंतरावर उघडतात, आणि तिथे रक्ताचा प्रवाह इतका मोठा असतो की न पटणारी औषधंही शेजारच्या बोगद्यांतून देता येतात. (हो, ही चार वाक्यं झाली.)

मिठाचं पाणी या शब्दप्रयोगावर मात्र थांबायला हवं, कारण इथे अज्ञानाची किंमत नवजात बाळांनी मोजलेली आहे. आपण सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो. पण नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ. डेक्सट्रोज म्हणजे साखर. डीएनएसमध्ये दोन्ही. आणि आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, यात सोडियम आणि लॅक्टेटबरोबर पोटॅशियम आणि कॅल्शियमही असतं. ५०० मिलीच्या बाटलीत सुमारे ०.१३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. ऐकायला चिमूटभर, पण सेफ्ट्रिॲक्सोनला तेवढं पुरतं.

सेफ्ट्रिॲक्सोन म्हणजे वॉर्डात ज्याला सर्रास मोनोसेफ म्हणतात ते अँटिबायोटिक. टायफॉइड, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, कशालाही दिलं जातं. ते आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारं क्षार तयार होतं. नवजात बाळांमध्ये अशा साक्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद आहे. फुप्फुसात आणि मूत्रपिंडात तो सापडला. त्यातल्या काही बाळांना ही दोन औषधं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नळ्यांतून दिली होती, तरीही. २००७ मध्ये एफडीएने याबद्दल सावध केलं आणि २००९ मध्ये नियम स्पष्ट केला: २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं द्रव शिरेतून चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिॲक्सोन द्यायचंच नाही. त्यापेक्षा मोठ्यांना एकामागून एक देता येतं, पण मध्ये नळी नीट धुऊन. एकाच वेळी, एकाच वाय-जोडातून, कुणालाही नाही. जुलाबाने सुकलेल्या, ताप असलेल्या पेशंटला आपल्याकडे काय लागतं? आरएल आणि मोनोसेफ. म्हणून सिस्टर आरएल थांबवते, नळी फ्लश करते, इंजेक्शन नॉर्मल सलाईनमधून सोडते, पुन्हा फ्लश करते, मग आरएल चालू. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला वाटतं, ही बाई उगाच बाटल्या बदलतेय.

इतर औषधांच्याही आवडीनिवडी आहेत. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्सट्रोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. हृदयाची लय सुधारणारं ॲमिओडॅरोन उलट, ते डेक्सट्रोजमध्ये. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन बी तर सलाईनला स्पर्शही सहन करत नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत हे इंजेक्शन मिळवायला लोक दुकानोदुकानी वणवण फिरले होते, ते अनेकांना आठवत असेल. ते ५ टक्के डेक्सट्रोजमध्येच द्यायचं, आणि आधी-नंतरचा फ्लशसुद्धा डेक्सट्रोजचाच. एवढ्या कष्टाने मिळवलेली व्हायल कोणी "मिठाच्या पाण्यात" ओतली असती तर? रक्त चढवताना पुन्हा उलट: रक्ताच्या नळीत नॉर्मल सलाईनशिवाय काही नाही. आरएलमधलं कॅल्शियम पिशवीतल्या रक्ताच्या गुठळ्या करू शकतं, नुसत्या डेक्सट्रोजमुळे लाल पेशी फुटतात.

आता पैशांचं. मेसेजमध्ये खरेपणाचा एक कण आहे तो इथे, आणि तो मी लपवणार नाही. वेगळी नळी गरजेची असते याचा अर्थ बिलातली प्रत्येक नळी गरजेची होती असा होत नाही. अखंड चालणाऱ्या सलाईनचा सेट रोज बदलायची गरज नसते. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या, २०११ च्या सूचनांप्रमाणे असा सेट ९६ तासांपेक्षा लवकर बदलायचं कारण नाही, सात दिवसांत मात्र बदलायलाच हवा. रक्त आणि स्निग्ध द्रावणांचे सेट लवकर बदलावे लागतात, प्रोपोफॉल या दुधाळ भुलीच्या औषधाचे तर काही तासांतच. तेव्हा साध्या, अखंड चालू सलाईनला रोज नवा सेट लावलेला दिसला तर जरूर विचारा. फ्लशसाठी आधीच भरलेली सिरिंज महाग पडते, १० मिलीची छोटी सलाईनची कुपी स्वस्त. तेही विचारा. मात्र एकाच मोठ्या बाटलीतून दिवसभर सगळ्यांसाठी फ्लश ओढण्याची काटकसर कोणी करत असेल तर तिथे अडवा, त्यातून संसर्ग एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातो.

पण खरी बचत कुठे आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलंच नाही. ती आहे इंजेक्शनच बंद करण्यात. लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल ही औषधं गोळीतून घेतली तरी जवळजवळ तेवढीच अंगात जातात. पेशंट जेवायला लागला, उलट्या थांबल्या, ताप उतरणीला लागला की पॅनची गोळी पॅनच्या इंजेक्शनाइतकीच कामाची. तरी "इंजेक्शन चालू आहे म्हणजे नीट उपचार चालू आहेत" हा समज डॉक्टरांइतकाच नातेवाइकांचाही असतो. गोळी सुरू केली की "आता सलाईन का काढली?" असं विचारणारे मला रोज भेटतात. राउंडला डॉक्टर आले की त्यांना एकच विचारा: "यातलं काय तोंडाने देता येईल?" एक इंजेक्शन गेलं की त्याच्यासोबत सिरिंज, फ्लश, सेट, आणि शेवटी कॅन्युलाही जाते.

दुसरी बचत आमच्या हातात असते, आणि ती याच विषयाच्या अभ्यासातून येते. न पटणाऱ्या जोड्या जशा माहीत असतात तशा पटणाऱ्याही असतात. मिडॅझोलॅम आणि वेदनाशामक फेंटानिल एका नळीत गुण्यागोविंदाने जातात. केमोथेरपीच्या पेशंटला ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन एका छोट्या बाटलीत पातळ करून देतात. तीच दोन औषधं घट्ट असताना भेटली तर मात्र साका होऊ शकतो. हे तक्ते प्रयोगशाळेत तयार होतात. दोन औषधं ठरावीक ताकदीची, ठरावीक सलाईनमध्ये, बहुधा समप्रमाणात मिसळून काही तास तपासतात. म्हणून उत्तर तेवढ्याच ताकदीला आणि तेवढ्याच सलाईनला लागू. कंपनी बदलली तरी कधी कधी उत्तर बदलतं: पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम या पेनिसिलिनच्या घरातल्या अँटिबायोटिकच्या एका प्रकारात ईडीटीए नावाचं रसायन घातलेलं असतं आणि तो ठरावीक ताकदीला अमिकासिन किंवा जेन्टामायसिनशेजारी चालतो, टोब्रामायसिनशेजारी नाही, आणि ईडीटीए नसलेल्या प्रकाराला ही सवलत नाही. तक्त्यात एखाद्या जोडीपुढे माहिती नाही असं असेल तर आम्ही ती चालत नाही असंच धरतो. चांगल्या आयसीयूत हा तक्ता बघून पटणारी औषधं एकत्र आणि भांडखोर वेगळी अशी मांडणी करतात, म्हणजे कमीत कमी नळ्यांत काम भागतं. जास्त नळ्या म्हणजे जास्त संसर्ग, त्या लावायची आम्हालाही हौस नाही. "सगळं एकत्र द्या" असा आग्रह धरला की ही मांडणीच मोडते.

फॅमिली डॉक्टरांच्या पिवळ्या बाटलीबद्दल मला ममत्व आहे. लहानपणी आमच्या नौपाड्यातही "ताकदीची सलाईन" लावून आलेली माणसं दुसऱ्या दिवशी टवटवीत दिसायची. त्या बाटलीत बहुतेक वेळा डेक्सट्रोज आणि बी-कॉम्प्लेक्सच असायचं, आणि ती जोडी पटणारी आहे. पिवळा रंग त्याच व्हिटॅमिनचा. कोणाला काही झालं नाही, याचं एवढंच कारण. बाकी काही झालं तरी ते कळणार कसं? हात सुजला, शीर दोरीसारखी कडक झाली, थंडी वाजून आली की आपण म्हणतो "सलाईन बाहेर गेली" किंवा "सोसली नाही". औषध अर्धंच कामाला आलं असेल तर त्याचं नावही कोणी काढत नाही. आणि त्या काळच्या दवाखान्यात पेशंटला एका वेळी चौदा इंजेक्शनं चालू नसायची. तिथला अनुभव आयसीयूला लावता येत नाही.

राहिला चक्रीचा सल्ला. हे वाचून मी खरंच चिडले. फेनिटॉइन मोठ्या माणसालासुद्धा मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जोरात द्यायचं नसतं, म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या पेशंटला त्याहून बरंच हळू. वेग वाढला की बीपी कोसळतो, हृदयाची लय बिघडते. पोटॅशियम असलेली बाटली तुम्ही "जरा फास्ट" केलीत तर हृदय बंद पडू शकतं, आणि बाहेरून ती बाटली साध्या सलाईनसारखीच दिसते. नॉरॲड्रेनालिनची नळी तर आम्हीसुद्धा फ्लश करत नाही, कारण नळीत अडकलेला डोस एकदम आत गेला तर बीपी आभाळाला भिडतो. सलाईन हळू चालली आहे असं वाटलं तर बेल दाबा. सिस्टर आली नाही तर मोठ्याने हाक मारा, तक्रार करा. चक्रीला हात लावू नका. हे नाइट ड्यूटीला झोपाळलेल्या नातेवाइकांना मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी हात लावतंच.

मग नातेवाइकांनी काय बघावं? नळीत ढगाळपणा, दुधाळ धागा, चमचमणारे कण, स्वच्छ औषधाला आलेला गुलाबी किंवा तपकिरी रंग, यातलं काही दिसलं तर लगेच सिस्टरला बोलवा. हे दिसतं तेव्हा बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. दिसत नाही म्हणून ठीक असतं असं नाही, एवढं मघाशी झालंच. कॅन्युलाच्या जागी आग होत असेल, लाल होत असेल, सूज येत असेल तर पेशंट नाटकं करतोय असं समजू नका. बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल आणि सेफ्ट्रिॲक्सोन लिहिलेलं दिसलं तर "याला कॅल्शियम किंवा आरएल चालू आहे का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यावर चिडणारा डॉक्टर मी तरी अजून पाहिला नाही.

औषध दिल्यावर काही विपरीत झालं आणि नळीत गडबड असल्याचा संशय असला तर बाटली, नळी, रिकामी व्हायल फेकू देऊ नका. फोटो काढा, लेबलवरचा बॅच नंबर दिसेल असा. कुठलं औषध कोणत्या वेळी आणि कोणत्या सलाईनमधून दिलं ते चार्टवरून लिहून घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारत सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम घेतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालतो, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. तिथे डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्टच नव्हे, पेशंट आणि नातेवाईकही कळवू शकतात.